अडीच वर्षांचं पोरगं, कार्डावर सगळं हिरवं, पण हाक मारली तर पाहत नाही. आपल्याला हे कुणी शिकवलंय का?

उपकेंद्रवाली:

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, बीएएमएस आणि नंतर तो सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, इथं चौथं वर्ष सुरू आहे. गावाचं नाव टाकत नाही, गाव एवढुसं आहे, पोरगं लगेच ओळखू येईल.

पोरगं २ वर्षं ८ महिन्यांचं. वजन बरोबर, उंची बरोबर, दंडघेर हिरव्या पट्टीत, लसी एकूणएक झालेल्या. म्हणजे आपल्या रजिस्टरच्या हिशोबानं एकदम टॉपचं पोरगं, आणि म्हणूनच त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही, मी पण नाही, कारण आपण सॅम मॅम सॅम मॅम (तीव्र कुपोषण, मध्यम कुपोषण) करत लाल-पिवळ्याच्या मागं पळत असतो, हिरवं पोरगं म्हणजे चला पुढचं आणा.

मागच्या आठवड्यात अंगणवाडीत आरोग्य दिवस होता, टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं वाटणं चालू, गलका, रडारड. हे पोरगं कोपऱ्यात बसून बाटल्यांची बुचं एका रांगेत लावत होतं, लावलं की मोडायचं, परत लावायचं, अर्धा तास तेच. सेविकेनं तीनदा हाक मारली, मी टाळी वाजवली, मान वर नाही. मग बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजली तसं सटकन उठून दाराशी गेलं! आता कान खराब आहे असं तरी कसं म्हणावं? थोड्या वेळानं त्याला पाणी पाहिजे होतं तर मायचं मनगट धरून तिला माठापाशी नेलं आणि तिचा हात माठावर ठेवला, एकदा पण तिच्या तोंडाकडं पाहिलं नाही, जसं काही तिचा हात म्हणजे माठावरचं ओगराळं. बोट करून दाखवत नाही. मोबाईलवरच्या हिंदी जाहिराती धडाधड म्हणतो, पण 'माय' म्हणून हाक मारली नाही अजून. लग्नाचा डीजे गेला की कान दाबून खाटेखाली. सेविका म्हणे मॅडम हा असाच आहे, आपल्याच धुंदीत. आजी म्हणते याचा बाप पण पाच वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आमच्या घराण्यातच आहे.

आता खरी गोष्ट, जी मला झोपू देऊन नाही राहिली. मागच्या वर्षी हे पोरगं दीड वर्षाच्या इंजेक्शनला आलं होतं, डीपीटीचा बूस्टर आणि एमआरचा (गोवर-रुबेला) दुसरा डोस, तेव्हा याची माय मला हळूच म्हणाली होती की मॅडम हा माझ्याकडं पाहतच नाही, बाकीची पोट्टी कशी मायच्या मागं मागं करतात. आणि मी काय म्हटलं? अहो मुलगे उशिराच बोलतात, मोबाईल देऊ नका. झालं. रांगेत वीस पोरं होती, एमआरची व्हाईल फोडली होती, चार तासांत संपवायची असते, सिस्टर घाई करत होती. माझ्या तोंडून ते वाक्य असं निघालं जसं काही पाठ केलेलं होतं. आता तीच माय विचारते, मॅडम त्या इंजेक्शननंतरच हा असा झाला का.

मला विचारायचं हे की कान आहे, उशिरा बोलणं आहे का ऑटिझम आहे हे उपकेंद्रावर बसून मला किती कळायला पाहिजे, कुठं पाठवू, आणि मुख्य म्हणजे मायशी बोलू काय. ट्रेनिंगमध्ये ऑटिझम हा शब्द एका स्लाइडवर आला होता, जेवणाच्या सुटीच्या जरा आधी, एवढंच आठवते. तुमच्यापैकी कुणाला नीट शिकवलंय का? हसू नका.

काळी माती:

मॅडम एवढं टेन्शन घेऊ नका. आमचा पुतण्या साडेतीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आज बारावीला आहे आणि गप बस म्हटलं तरी बसत नाही. अक्कलकाढा उगाळून मधातून जिभेला चाटवा, आमच्या इकडं पोपटानं उष्टा केलेला पेरू पण देतात. जीभ खाली चिकटली असेल तर तो टाका कापून घ्या, पाच मिनिटांचं काम. आणि मोबाईल बंद करा आधी. आजकालच्या माया पोट्ट्याच्या हातात मोबाईल देतात आणि मग रडत बसतात.

आशा, १४ वर्षं:

मॅडम नमस्कार जी. मी आशा आहो, वाशिमकडची. तुम्ही लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, मी पन हेच म्हनते सगळ्याईले, बोलन बोलन, घाई काय. आम्हाले तेच सांगतलं होतं, आमच्या मायनं बी तेच सांगतलं.

आता एक गोष्ट पाहा. बाळंतीण घरी आली की आमच्या भेटी सुरू, ४२ दिवसापर्यंत. मंग ते तिसरा, सहावा, नववा, बारावा, पंधरावा महिना, एका भेटीचे ५० रुपये भेटते. पंधराव्या महिन्याले आमचं पुस्तक बंद. त्याच्यानंतर त्या घरी जायाचं काही कारणच नाही राहत, दीड वर्षाची सुई सोडली तं. आन पोट्टं अंगणवाडीत बसते तिसऱ्या वर्षी, तवरक सेविकाबाई महिन्यातून एक डाव वजन करते, पाकीट देते, बस. म्हंजे पोट्टं जवा बोलाले पाहिजे, बोट दाखवाले पाहिजे, तवाच त्याच्याकडं पाहनारं कोनी नाही. हे मी आज पयल्यांदा मोजलं, तुमच्या पोस्टमुळं.

पंधराव्या महिन्यालेबी मी काय पाहते? वरचं खानं सुरू हाय का, आयरनचं सिरप, हात धुनं, वजन, लस. कार्डावर चित्र हायेत ना जी, बाळ हसते, बाळ टाटा करते, त्याच्यावर मी मायले विचारून टिक करते. माय म्हनते हो करते. कोन माय नाही म्हनन, सासू बाजूले बसली असते.

आन तुमचं पोट्टं तं पोट्टं हाय, कोपऱ्यात बुचं लावते म्हनून दिसलं तरी. आमच्या गावात एक पोट्टी हाय, सात वर्षाची, सगळे म्हनत लय गुनाची, कोनाले त्रास नाही, एका जागी बसून राहते. मी पन म्हनत होती. आता शाळेतले सर म्हनतात हिले काही समजतच नाही. पोट्टी शांत असली तं आपन तिले शाबासकी देतो, आता काय सांगू.

अक्कलकाढावाल्या भाऊ, मी बी चाटवला हाय माह्या पोराले. काही होत नाही त्यानं.

फिरतं पथक:

मी आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, गावोगाव जाऊन पोरं तपासायची) पथकात डॉक्टर आहे, आयुषवालाच (आयुर्वेद वगैरे), त्यामुळं मॅडमनं शेवटी 'हसू नका' लिहिलं ते बरोबर माझ्या जागी लागलं.

आधी पथकाची बाजू सांगतो, सफाई म्हणून नाही. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झाला, ० ते १८ वर्षं, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातले विलंब, चारही मिळून ३० गोष्टी पाहायच्या. ऑटिझम त्या यादीत पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे कागदावर आपण सगळे गेली कित्येक वर्षं ऑटिझम शोधून राहिलो आहो. प्रत्यक्षात अंगणवाडीला वर्षातून दोनदा जातो, पथकात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्स असे चार पाहिजेत, किती वेळा चार असतात ते विचारू नका. गाडीतून चार अनोळखी माणसं उतरली की निम्मी पोरं मायच्या पदरात आणि निम्मी बाभळीमागं. त्या गोंधळात अनोळखी माणसाकडं न पाहणारं पोरगं मला वेगळं कसं दिसणार, कुणीच पाहत नसते! हृदयाची मर्मर ऐकू येते, दात किडलेले दिसतात, टाळू फाटलेलं दिसते. हे दिसत नाही. हे दिसते ज्या बाईसमोर ते पोरगं नेहमी असते तिला. तुमच्या सेविकेनं 'आपल्याच धुंदीत' म्हटलं ना, मी असतो तर ते शब्द जसेच्या तसे रेफरल स्लिपवर लिहिले असते.

आता माझी कबुली. तीन-चार वर्षं मी अशा पोरांच्या पुढं 'भाषा विलंब' लिहून मोकळा होत होतो, कारण ऑटिझम लिहिलं आणि वर कुणी विचारलं की कशावरून, तर मला सांगता आलं नसतं. तेवढीच भीती.

मग एकदा एका सीनिअर मॅडमनं आम्हाला एक प्रश्नावली भरायला दिली, नायजेरियातल्या मानसोपचार डॉक्टरांनी २००८ मध्ये बनवलेली, आरोग्य कर्मचाऱ्यांना बालपणीच्या ऑटिझमबद्दल काय माहीत आहे ते तपासायला, १९ प्रश्न फक्त. चहा पिता पिता भरली. डोळ्यात न पाहणं, एकटं खेळणं, तेच तेच करणं, हे आम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलं, टीव्हीची कृपा. आपटलो ते शेवटच्या भागात, हा आजार आहे कोणत्या जातीचा तिथं. लहान मुलांचा स्किझोफ्रेनिया आहे का? मी हो लिहिलं. सोबत मिरगी असू शकते का? नाही लिहिलं. दोन्ही चूक. हा मेंदूच्या वाढीतलाच वेगळेपणा आहे, वेड लागणं नाही, आणि यातल्या बऱ्याच पोरांना पुढं फिट येतात हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या आधी अशाच एका पोराला फिट आली तेव्हा मी दोन वेगळे आजार समजून दोन वेगळ्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. तिकडं नायजेरियात पण आपल्यासारखेच लोक अडकत असतील तेव्हाच तर प्रश्न बनवले असतील ना.

तुमच्या पोराला जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला पाठवा, शीघ्र हस्तक्षेप केंद्र. आपल्या जिल्ह्यात नेमकं कोण कोण हजर असते ते आधी फोन करून घ्या. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येणं तपासणारे), स्पेशल एज्युकेटर एकाच ठिकाणी असावेत असं ते केंद्र कागदावर आहे, पण एखादी जागा रिकामी असली तर बाईची मजुरी आणि भाडं दोन्ही पाण्यात जाते, आणि मग ती दुसऱ्यांदा जात नाही. चिठ्ठीवर स्वतःहून 'ऑटिझम' हे निदान लिहू नका, ते तुमचं माझं काम नाही. पण जे पाहिलं ते लिहा, माठ, बुचं, कुल्फीची घंटी, सगळं. वरच्या डॉक्टरला त्याच्या खोलीत दहा मिनिटांत हे दिसणार नाही.

आणि एक. घरभेटीत बायकांनी बाळ तपासायचं हे मॉडेल आपल्या गडचिरोलीचं आहे, तिथल्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला शिकवलं, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला तेव्हा जगानं पाहिलं. थोडंफार शिकलेली बाई न्यूमोनिया ओळखू शकते तर नजर ओळखणं तिला जमणार नाही? शिकवा तर आधी.

वर्धा लाइनची आई:

मी कुणी कर्मचारी नाही, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. वाचून रडले आणि मग चिडले, दोन्ही लिहिते.

काळी माती दादा, तुमचा पुतण्या बोलला, चांगलं झालं. माझ्या मुलाच्या वेळी पण दहा जणांचे दहा पुतणे होते. त्या पुतण्यांनी माझी अडीच वर्षं खाल्ली. जिभेचा टाका कापायला निघालोच होतो, हजारो रुपये मोजून, तारीख पण घेतली होती, नशीब माझ्या भावानं थांबवलं. जो मुलगा जाहिरात अख्खी म्हणतो त्याची जीभ चिकटलेली असेल का हो? आणि मायांच्या मोबाईलचं म्हणाल तर माझ्याकडं तेव्हा बटणांचा फोन होता. मोबाईल कमी करा हे बरोबरच आहे, पण त्यानं ऑटिझम झाला हे म्हणू नका, ते वाक्य आईच्या काळजात किती खोल जाते तुम्हाला माहीत नाही. फार जुनं आहे हे आईला दोष देणं, एके काळी परदेशातले मोठे डॉक्टर पण म्हणत की थंड स्वभावाच्या आयांमुळं होतं, नंतर खोटं ठरलं. आपल्याकडं आजही चालू आहे फक्त थंड आईच्या जागी मोबाईल आला.

उपकेंद्रवाली मॅडम, मला पण एका नर्सताईनं हेच म्हटलं होतं, उशिरा बोलेल. मी तिला माफ केलं का विचाराल तर नाही केलं अजून. पण तीच जर परत आली असती आणि म्हणाली असती की ताई माझं चुकलं, चला दाखवू, तर मी तिच्या गळ्यात पडले असते. तेव्हा जा तुम्ही. सासू नसेल तेव्हा जा. 'तुमचा मुलगा वेडा नाही' असं सांगत सुरुवात करू नका, कारण तिच्या डोक्यात वेडा शब्द नसेल तर तुम्ही घालाल. तिनं मागच्या वर्षी जे तुम्हाला सांगितलं होतं तिथूनच सुरू करा, की तुम्ही म्हणाला होता हा पाहत नाही, ते तुमचं बरोबर होतं.

माझी धावपळ अशी झाली की गाव ते नागपूर एसटी, एका फेरीत दिवस जायचा, सोयाबीन सोंगणीच्या दिवसात तर घरात भांडण ठरलेलं. थेरपी आठवड्यातून दोनदा सांगितली होती, आम्हाला महिन्यातून एकदा जमायची. मग तिथल्या ताईनं मला शिकवलं की तुम्हीच घरी करा. म्हणजे काय, तर त्याच्या समोर खाली बसायचं, तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं. 'म्हण म्हण, पाणी म्हण' हे बंद. पाण्याचा गडवा हातात धरून थांबायचं, त्यानं नुसतं पाहिलं तरी 'पाणी' म्हणून द्यायचं. तो तुरीचे दाणे एका रांगेत लावायचा तर मी ओरडून उचलायची आधी, नंतर मी पण एक दाणा त्याच्या रांगेत ठेवायला लागले. चौथ्या दिवशी त्यानं माझा दाणा उचलून फेकला आणि माझ्याकडं पाहिलं, रागानं, पण पाहिलं! मी त्या दिवशी शिरा केला होता.

आज तो बोलतो, कमी बोलतो, शाळेत जातो, गणित छान, डबा फक्त पोळी आणि गूळ. बरा झाला असं नाही, ते तसं नसतंच.

कागदाचं पण सांगून ठेवते कारण ते कुणी सांगत नाही. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यात २१ झाले त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाची तपासणी करतात, ४० प्रश्न, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही धरत. त्यावरून टक्केवारी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र. चाळीस टक्के किंवा जास्त असलं की एसटीत ७५ टक्के सवलत. राष्ट्रीय न्यासाचा निरामय नावाचा विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपी पण बसते. हे सगळं मला मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर एका रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या आईनं सांगितलं. रांगेत!

काळी माती:

ताई माफी असावी, मी वाईट हेतूनं नव्हतं लिहिलं. पण एक विचारतो, इंजेक्शनचं काय मग? आमच्या गावात पण दोन-तीन लोक हेच म्हणतात की दीड वर्षाच्या सुईनंतर पोरगं बदललं, आधी दोन शब्द बोलत होतं ते पण गेले. एवढे लोक उगाच म्हणतील का.

वाणी:

मी स्पीच थेरपिस्ट आहे, नागपूरला. दादांचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळला की लोक लसच टाळतात, म्हणून आधी तोच घेते.

लोक खोटं बोलत नाहीत, त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. ऑटिझम असलेल्या काही मुलांचे आलेले दोन-चार शब्द साधारण दीड ते दोन वर्षांच्या मधात जातात. आणि आपली एमआरची दुसरी लस आणि डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. दोन गाड्या एकाच फलाटावर आल्या म्हणून एकीनं दुसरीला ओढून आणलं असं होत नाही. हा संशय जगभर पसरला तो १९९८ च्या एका इंग्लंडच्या पेपरमुळं, फक्त १२ मुलं होती त्यात, नंतर त्यात लबाडी निघाली, २०१० मध्ये पेपर मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं नाव पण रजिस्टरमधून कापलं. गंमत पाहा, तो पण लॅन्सेटमध्येच आला होता, गडचिरोलीच्या पेपरच्या एक वर्ष आधी. खोटा तेवढा गावोगाव पोचला. डेन्मार्कमध्ये तर साडेसहा लाखांहून जास्त मुलं वर्षानुवर्षं पाहिली, २०१९ ला निकाल आला, गोवराची ती लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक नाही. पण मॅडम, त्या मायला डेन्मार्क सांगू नका. तिला विचारा, लसीच्या आधी तो बोट करून चिमणी दाखवत होता का, हाक मारली की वळत होता का. तिनं तुम्हाला सुई टोचायच्या आधीच तर सांगितलं होतं ना की हा पाहत नाही! उत्तर तिच्याकडंच आहे.

आता कान. कुल्फीची घंटी ऐकली म्हणजे कान चांगले हे धरू नका, मी हे रोज पाहते. काही मुलांना काही पट्टीतले आवाज येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. आणि उलट पण असतं, कान ठणठणीत आणि हाकेला ओ नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायचे, ओएई आणि बेरा या दोन तपासण्या. बेरासाठी मुलगा झोपलेला लागतो, तेव्हा आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि मुख्य म्हणजे येताना एसटीत झोपू देऊ नका. निम्मी मुलं गाडीत झोप काढून येतात आणि इथं टकाटक जागी, मग औषध देऊन झोपवा नाहीतर परत दुसरी तारीख.

एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे, आईला विचारायची, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. तीन किंवा जास्त उत्तरं काळजीची आली तर पुढचे प्रश्न विचारायचे, आठ किंवा जास्त आली तर थेट पाठवायचं. तुमचा मुलगा त्यातून दोन महिन्यांनी बाहेर गेला. मागच्या वर्षी लसीच्या दिवशी मात्र अगदी बरोबर वयाचा होता. हे तुम्हाला टोचायला नाही लिहिलं, यासाठी लिहिलं की उद्या दुसरा येईल. लसीचा दिवस हाच आपल्या हातातला शेवटचा दिवस आहे, आशाताईंनी वर जे महिने मोजले ते मी एवढी वर्षं या कामात असून कधी मोजले नव्हते. वीस प्रश्न रांगेत नाही जमणार, ठीक आहे. सुई टोचायच्या आधी (नंतर रडण्यात काही दिसत नाही) पंख्याकडं बोट करून म्हणा 'अरे पाह्य, पंखा!' मुलगा तुमच्या बोटाच्या दिशेनं पाहतो का तेवढं बघा. आईला एकच विचारा, काही नवीन दिसलं, ट्रॅक्टर, बैल, तर तुम्हाला दाखवायला बोट करतो का, नुसतं मागायला नाही, दाखवायला. आणि नावानं हाक. अर्धं मिनिट लागतं. दीड वर्षाचा मुलगा तिन्ही करत नसेल तर 'बोलेल' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

निदान व्हायची वाट न पाहता आईला घरचं सुरू करायला सांगा, वरच्या ताईंनी लिहिलंय त्याच्यापेक्षा चांगलं मी नाही सांगू शकत. तो दाण्याचा किस्सा मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, चालेल ना ताई? आणि कुणी स्टेम सेल किंवा रक्त शुद्ध करायचं पॅकेज सांगितलं तर पळा तिथून. शेत विकून आलेली माणसं पाहिलीत मी.

वर्धा लाइनची आई:

चालेल. शिऱ्याचं पण सांगा.

उपकेंद्रवाली:

उशीर झाला उत्तर द्यायला, शिबिर होतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

काल गेले होते त्यांच्या घरी, सासू शेतात गेल्यावर, दुपारी. आईताईंनी सांगितलं तसंच सुरू केलं, की तुम्ही म्हणाला होता तेव्हा मी ऐकलं नाही. ती काहीच बोलली नाही, चहा ठेवला. मग म्हणाली, मॅडम मी तुमच्यावर राग नोता धरला, मले वाटलं तुम्हाले जास्त समजते. हे रागावण्यापेक्षा वाईट लागलं मला.

इंजेक्शनचं तिनंच सोडवलं. मी विचारलं चिमणी दाखवत होता का कधी, तर ती म्हणाली नाही, मोठीनं दाखवली होती, या पोट्ट्यानं कधीच नाही, वर्षाचा होता तेव्हा पण नाही. मग दोघी गप बसलो.

नवरा जिनिंगवर आहे, तो म्हणतो पैसे लागले तर पाहू, पण ऑटिझम फिटिझम काही नाही, माझ्यावर गेला आहे. तो कधी येईल माझ्या बोलण्यात माहीत नाही. तिनं मात्र ठरवलं आहे. डीईआयसीला फोन केला, ऑडिओलॉजिस्ट येत्या मंगळवारी आहेत, बालरोगवाले पण. चिठ्ठी लिहिली, माठ आणि बुचं आणि कुल्फी सगळं लिहिलं, दोन पानं झाली, डॉक्टर हसतील तर हसोत. पंख्याची युक्ती आज लसीच्या रांगेत अकरा पोरांवर केली, सिस्टर म्हणे मॅडम तुम्ही पंख्याला काय हात दाखवून राहिल्या. दहा पोरांनी वर पाहिलं. एकानं नाही पाहिलं, पण त्याला ताप होता, पुढच्या महिन्यात परत पाहीन.

आता अडचण गाडीची. आमच्याकडून सात वाजताची एक आहे आणि नऊची एक. सातच्या गाडीत तो नक्की झोपणार, नऊच्या गाडीत बाजारची गर्दी, हॉर्न, कोंबड्या, तो कान दाबून ओरडतो. दोन तासांचा रस्ता. काय करू?

आशा, १४ वर्षं:

सातची घ्या मॅडम, गर्दीत नका नेऊ त्याले. माह्या भाच्याची टपरी हाय स्टँडवर, तिथून मी बुचं जमा करून ठेवते पिशवीभर, रंगाची रंगाची, सोमवारी आमच्याकडून कोनी यवतमाळले जाईन त्याच्या हाती पाठवते. मायच्या मांडीवर ताट द्या, बुचं द्या, दोन तास डोया नाही लावत तो.